फोन ३० टक्क्यांवर बंद पडतो, तरी ॲप बॅटरी ‘गुड’ दाखवते. बॅटरीची खरी स्थिती कशी तपासावी?

तुमचा अँड्रॉइड फोन साडेतीन वर्षांचा आहे, ३० टक्के चार्ज शिल्लक असताना कॅमेरा उघडला की तो एकाएकी बंद पडतो, चार्जर लावताच पुन्हा २६-२७ टक्के दाखवत सुरू होतो आणि तरीही एका मोफत ॲपमध्ये बॅटरी ‘गुड’ दिसते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या आईच्या फोनची गेल्या वर्षी हीच गत झाली होती आणि ‘गुड’ या शब्दावर विसंबून आम्ही दोन महिने वाया घालवले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अँड्रॉइड प्रणाली ॲपना बॅटरीची जी स्थिती कळवते, तिच्यात बॅटरी फार तापली आहे का, फार थंड झाली आहे का, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले आहे का किंवा ती पूर्ण निकामी झाली आहे का, एवढेच पाहिले जाते. यांपैकी काहीही नसेल तर ‘गुड’ असे उत्तर मिळते. मूळ क्षमतेपैकी किती उरली आहे, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. डायलरवर *#*#४६३६#*#* दाबून काही फोनांमध्ये जी माहिती उघडते, तिथला ‘गुड’ही हाच.

बॅटरी जुनी होते म्हणजे तिच्यात दोन वेगवेगळे बदल होतात. लिथियम-आयन बॅटरीतील ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर असतो. तो वर्षानुवर्षे वाढत जातो, त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकते आणि तेवढी साठवण कमी होते. हा झाला पहिला बदल. दुसरा बदल म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी असूनही क्षार साचलेल्या पाइपमुळे दोन नळ एकदम उघडले की धार बारीक होते, तसेच येथे घडते. कॅमेरा उघडताच फोन जास्त विद्युतप्रवाह मागतो, रोधामुळे व्होल्टेज क्षणभर ठरावीक पातळीखाली घसरते आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. भार गेल्यावर व्होल्टेज पुन्हा सावरते, म्हणूनच तुम्हाला नंतर २६ टक्के दिसतात. तुमच्या फोनमधील लक्षण मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग आपण कमी करत असल्याचे मान्य केले होते, त्यामागेही असेच अचानक बंद पडणे टाळण्याचे कारण दिले होते. त्यानंतर २०१८ मध्ये आयओएस ११.३ पासून आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची कमाल क्षमता टक्क्यांत दिसू लागली.

अँड्रॉइडमध्ये मात्र सर्व कंपन्यांची रीत एक नाही. गूगलच्या पिक्सेल ८ए आणि त्यानंतरच्या फोनांत आता सेटिंग्जमधील बॅटरीच्या भागातच हेल्थ पाहता येते. सॅमसंगच्या फोनांत ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधील डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची चाचणी आहे. तुमच्या फोनमध्ये अशी सोय आहे का, हे आधी सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘बॅटरी’ लिहून पाहा.

नसेल, तर मोजमाप स्वतः करता येते आणि मला तेच अधिक भरवशाचे वाटते. ॲक्युबॅटरीसारखे ॲप चार्जिंगच्या वेळी बॅटरीत किती मिलिअँपिअर-तास भरले गेले, याची नोंद ठेवते. समजा, तुमची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज होताना तिच्यात २४०० भरले गेले. ६० टक्क्यांना २४००, म्हणजे पूर्ण बॅटरी सुमारे ४००० ची. मूळच्या ५००० च्या तुलनेत क्षमता ८० टक्के उरली. एका मोजणीवर विश्वास ठेवू नका, कारण फोन दाखवत असलेले टक्के हाही एक अंदाजच असतो. चार्जिंग चालू असताना फोन न वापरता, निदान सात-आठ वेळा मोजून सरासरी काढा. अतिजलद चार्जिंगच्या काही फोनांत एकमेकींना जोडलेल्या दोन सेल असतात आणि तिथे ॲपचा आकडा निम्मा येऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

आकडा कोणता आला म्हणजे बॅटरी बदलावी? कंपन्या साधारणपणे ८० टक्क्यांची रेषा धरतात. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांच्या बॅटरीत ५०० पूर्ण आवर्तनांनंतर, तर आयफोन १५ पासून १००० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राहावी, अशी ॲपलची रचना आहे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या फोनांसाठी किमान ८०० आवर्तनांची अट घातली आहे. एक आवर्तन म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरले की एक आवर्तन होते. साडेतीन वर्षे रोज वापरलेल्या फोनची हजाराच्या आसपास आवर्तने सहज झालेली असतात. तरीही तुमच्या बाबतीत मी टक्क्यांची वाट पाहणार नाही. मोजणीत ८५ टक्के आले तरी ३० वर बंद पडणारी बॅटरी बदलण्याच्याच लायकीची आहे आणि फोन इतर बाबतींत ठीक असेल, तर नवा फोन घेण्याचे कारण मला दिसत नाही. फोनची मागची बाजू किंचित फुगली असेल, तर मात्र मोजमापाच्या भानगडीत पडू नका. चार्जिंग थांबवा, फोन दाबू नका आणि तो थेट सेवा केंद्रात न्या.

बॅटरी शक्यतो कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातूनच बदला, बिल जपून ठेवा आणि पहिल्या आठवड्यात हीच २० ते ८० टक्क्यांची मोजणी पुन्हा करा. आईच्या फोनमध्ये आम्ही आधी जवळच्या एका दुकानातून बॅटरी बसवून घेतली होती. तिच्यावर ५००० छापलेले होते आणि पाच मोजण्यांची सरासरी ३६०० च्या आसपास आली. नोंदी आणि बिल दाखवल्यावर दुकानदाराने पैसे परत केले, त्यानंतर सेवा केंद्रात बसवलेली बॅटरी ४८०० च्या वर भरली आणि आईचा फोन आजवर एकदाही मध्येच बंद पडलेला नाही.