आठ महिन्यांच्या कुत्र्याचे जुलाब थांबत नाहीत, कारण कसं शोधू?

दोन महिने जुलाब, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच, म्हणजे मूळ कारण अजून सापडलेलं नाही. आधी शी तपासा, पण एकदाच नको. जिआर्डिया हा परजीवी रोज शीतून पडत नाही, त्यामुळे एक नमुना स्वच्छ आला तरी तो पोटात असू शकतो. ३ ते ५ दिवसांत ३ ताजे नमुने द्या. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात कुत्री डबक्यातलं पाणी पितात, ते आधी बंद करा.

नमुने स्वच्छ आले तर एखादं अन्न त्याला सोसत नाही का हे पाहायला डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने कधीच न खाल्लेलं एकच मांस आणि भात द्या, २ ते ४ आठवडे. बांगड्याची डोकी, बिस्किटं बंद, घरात आजी लाडाने भरवत असेल तर तिलाही सांगा! भरपूर खाऊनही वाळत असेल तर स्वादुपिंड पुरेसे पाचकरस बनवतं का हे पाहणारी टीएलआय रक्तचाचणी करा. शीत रक्त दिसलं किंवा तो मलूल झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.