आई-बाबांना घेऊन दोन दिवस जंगलात

प्रश्न : ताई, आम्ही बेळगावचे, बाबा आत्ताच रिटायर झालेत, आईचे गुडघे दुखतात, दोन दिवस कुठंतरी शांत झाडीत न्यायचंय, गोव्याची गर्दी नको. कुठं जाऊ?

उत्तर : दांडेलीला जावा की! खानापूरवरून गेलं तर तीनेक तासात पोचता. तिथलं काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल म्हणजे दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून, २०१५ पासून काळी नदीचं नाव दिलंय. पण खरं सांगू, वाघ दिसंल म्हणून जाऊ नका, धनेश म्हणजे हॉर्नबिल पक्षी बघायला जावा. चार जातीचे धनेश आहेत तिथं, मोठा धनेश डोक्यावरनं गेला की पंखांचा घस्स-घस्स असा आवाज येतो, आधी आवाज आणि मग पक्षी. फेब्रुवारी-मार्चला मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर बारीक फटीतनं एकेक फळ भरवतो, लांबूनच बघायचं आणि गप्प बसायचं, आईला हे फार आवडणार बघा.

गुडघ्यांचं म्हणाल तर जीपच्या सफारीत हादरे बसतात, एकच पुरे, बाकी वेळ नदीकाठी खुर्ची टाकून बसू द्या. पावसाळ्यात सफारी बंद असते म्हणून नोव्हेंबरनंतरच जावा, पहाटे थंडी असते, स्वेटर घ्या.

दोन दिवस जमत नसतील तर कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघून संध्याकाळी घरी येता येतं, वाटेत जांबोटीची झाडी आहेच.