वाचकांचे प्रश्न : बारच्या पाठीवर काय लिहिलंय?

प्रश्न : वजन कमी करायचं आहे. ऑफिसात चारच्या सुमाराला भूक लागते, तेव्हा प्रोटीन बार खावा म्हणतो. दोन बार पाहिले. एक ६० ग्रॅमचा, त्यावर एका बारमागे २२० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं लिहिलंय. दुसरा ४० ग्रॅमचा, त्यावर १०० ग्रॅममागे ४५० कॅलरी, १५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम साखर. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत ‘हाय प्रोटीन’ आहे आणि तो छोटाही आहे. कोणता घ्यावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी दोन्हींचे आकडे एका मापात आणा. दुसऱ्या बारचे आकडे १०० ग्रॅमचे आहेत आणि तुमच्या हातात ४० ग्रॅम आहेत, म्हणून प्रत्येक आकड्याला ०.४ ने गुणा. १८० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं, १२ ग्रॅम साखर. म्हणजे साखरच तीन चमचे झाली.

आता कॅलरींना प्रथिनांच्या ग्रॅमनी भागा. पहिल्या बारमध्ये एक ग्रॅम प्रथिनासाठी ११ कॅलरी मोजाव्या लागतात, दुसऱ्यात ३०. वजन उतरवायचं असेल तर हा भागाकार १२-१३ च्या आत असावा, आणि २० च्या वर गेला की तो बार खुशाल मिठाईच्या खात्यात टाकावा. तुलनेसाठी सांगायचं तर उकडलेलं अंडं १२ च्या आसपास येतं, फुटाणे १७-१८ आणि निम्मा गूळ असलेली शेंगदाण्याची चिक्की ३५ च्या पुढे. तुमचा दुसरा बार चिक्कीचाच कोट घातलेला चुलतभाऊ आहे.

मग ‘हाय प्रोटीन’ कसं छापलं? नियमाप्रमाणे घन पदार्थात १०० ग्रॅममागे दिवसाच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिनं असली की हा दावा करता येतो. शिफारस ५४ ग्रॅम धरली तर ११ ग्रॅम पुरतात. म्हणजे ४० ग्रॅमच्या बारमध्ये साडेचार ग्रॅम असली तरी छपाई कायदेशीर!

घटकांची यादीही वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ग्लुकोज सिरप, मध, खजुराचा पाक, ब्राउन राइस सिरप अशी गोडाची वेगवेगळी नावं लावली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि वर ओट्स-बदाम दिसतात. अशा वेळी ‘एकूण साखर’ ही ओळ बघावी. प्रथिन कशाचं आहे तेही पाहा. व्हे (दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रथिन), दूध किंवा सोया असेल तर उत्तम. हायड्रोलाइज्ड कोलेजन किंवा जिलेटिन (जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रथिन) वर असेल तर सोडून द्या. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. पण प्रथिनाचा आकडा नायट्रोजनवरून काढत असल्यामुळे तो भरघोस दिसतो. (शाकाहारी असाल तर तिथे मांसाहाराची खूण असलेला तपकिरी त्रिकोण दिसेलच.)

पहिला बार घ्या, पण कशाच्या तरी बदल्यात. चारच्या वडापावाऐवजी खाल्लात तर ७०-८० कॅलरी वाचतील आणि पोट जेवणापर्यंत तग धरेल. चहा-बिस्किटं तशीच ठेवून वर बार खाल्लात तर महिन्याला ६,६०० कॅलरी वाढतात. कागदावरच्या हिशेबाने पाऊण किलोहून जास्त वजन. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ‘शुगर फ्री’ बार खाल्ला की पोट डब्ब होतं, गॅस धरतो. मला मधुमेह आहे. असे बार चालतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : यादीत माल्टिटॉल (९६५) किंवा सॉर्बिटॉल (४२०) आहे का बघा; कंसातले आकडे म्हणजे त्यांचे यादीत छापले जाणारे क्रमांक. ही साखर-अल्कोहोल (साखरेऐवजी वापरायची गोडद्रव्यं, दारूशी संबंध नाही) लहान आतड्यात अर्धवट शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतात आणि गॅस होतो. चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन (एक प्रकारचा तंतू) हेही तेच करतं. दोन्ही एकाच बारमध्ये असली की मग विचारायलाच नको. एरिथ्रिटॉल (९६८) बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे जातं, म्हणून पोटाला सहसा सोसतं. अर्धा बार खाऊन पाहा.

मधुमेहाचं म्हणाल तर ‘शुगर फ्री’ म्हणजे रक्तातली साखर वाढणारच नाही, असं समजू नका. माल्टिटॉलला ग्रॅममागे सव्वादोन-अडीच कॅलरी असतात आणि ते साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतंच. खाण्याआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. आणखी एक : साखरेऐवजी वापरायची सुक्रालोजसारखी गोडद्रव्यं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नयेत, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिली आहे. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही आणि साखर-अल्कोहोलही त्यात येत नाहीत.

प्रश्न : १०० ग्रॅम खजूर, ६० ग्रॅम शेंगदाणे आणि ६० ग्रॅम ओट्सचे आठ बार घरी करते. साखर अजिबात नाही, तरी वजन हलत नाही. एकदा व्हे पावडर घालून भाजले तर विटा झाल्या! (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या एका बारमध्ये १०५-११० कॅलरी आणि जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनं आहेत, भागाकार ३४. वरून साखर घातली नाही, पण खजुरात साठ टक्क्यांहून जास्त साखर मुळातच असते.

याच मापात साधी, बिनसाखरेची व्हे पावडर ९० ग्रॅम (तीन स्कूप) घाला. बार सुमारे १५५ कॅलरींचा आणि १२ ग्रॅम प्रथिनांचा होईल. व्हेऐवजी तेवढंच डाळ्याचं पीठ घातलंत तर कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात, पण प्रथिनं साडेपाच ग्रॅमवर येतात.

विटा झाल्या त्या भाजण्यामुळे. व्हे तापली की घट्ट गोठते आणि पाणी सुटून जातं. ओट्स आधी कोरडे भाजून पूर्ण गार करा. निम्मे शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटा, उरलेले भरड ठेवा. खजूर वाटून त्यात हे सगळं मिसळा, व्हे सर्वांत शेवटी. मग गार दूध एकेक मोठा चमचा घालत जा. तीन चमच्यांत गोळा वळतो. हाताला चिकटायला लागला तर दूध जास्त झालं, थोडे ओट्स भुरभुरा. बटर पेपरवर सेंटिमीटरभर जाड थापा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवून कापा. दूध आहे, तेव्हा फ्रिजमध्येच ठेवून चार-पाच दिवसांत संपवा. फ्रिजमध्येही बार रोज थोडे कडक होत जातात, कारण व्हे खजुरातलं पाणी ओढत राहते.

प्रश्न : गाडीत राहिलेल्या बारच्या चॉकलेटवर पांढुरके डाग आलेत. बुरशी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बहुधा नाही. उन्हात चॉकलेटची चरबी वितळून पुन्हा गोठली की असा थर येतो. बोटाने चोळल्यावर तो विरघळत असेल तर चरबीच. केसाळ दिसत असेल किंवा खवट वास येत असेल तर टाकून द्या.