अडीच महिने ऑफिसच्या कामासाठी व्हिएन्नाला चालली आहे, शहर कसं फिरू?

तुम्ही लिहिलं आहे की मिहानमधल्या कंपनीतून सप्टेंबर ते नोव्हेंबर अडीच महिने व्हिएन्नाला पाठवून राहिले, एकट्याच आहात म्हणून थोडी भीती पण वाटते, सोमवार ते शुक्रवार ऑफिस, मग नुसत्या शनिवार-रविवारात एवढं मोठं शहर कसं पाहून होईल. मी पण नागपूरचीच, अंबाझरी लेआउटला घर आहे आमचं, आणि 2024 मध्ये ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत कामासाठी तिथेच राहून आली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ते शनिवार-रविवारचं डोक्यातून काढा. मी पहिले दोन वीकेंड तेच केलं, शनिवारी श्योनब्रुन राजवाडा, तिथून धावत श्टेफान्सडोम चर्च, त्याच्या दक्षिण मनोऱ्याच्या 343 पायऱ्या, रविवारी दोन म्युझियम, आणि रात्री टोंगळे धरून बसली. सोमवारी ऑफिसात कोणी विचारलं काय पाहिलं तर कोणती खोली राजवाड्यातली आणि कोणती म्युझियममधली तेच वेगळं सांगता येईना. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला दुसरा इलाज नसतो, पण तुमच्याकडे पन्नासएक संध्याकाळी आहेत! ऑफिस सुटल्यावरचे दोन-अडीच तास, रोज. सगळ्यात जास्त शहर मी त्यातच पाहिलं.

आणि त्या संध्याकाळीचा हिशोब आधीच करून ठेवा, कारण हा कोणी सांगत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे साडेसातपर्यंत उजेड असतो. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेचारलाच सूर्य मावळतो, आपल्याकडे तेव्हा साडेपाच तरी होतात. म्हणजे तुम्ही ऑफिसातून बाहेर पडाल तेव्हा पूर्ण रात्र. म्हणून नदी, टेकड्या, बागा, पायी फिरणं हे सगळं सप्टेंबर आणि अर्ध्या ऑक्टोबरात करून घ्या, म्युझियम, कॉफीहाउस, ऑपेरा नोव्हेंबरसाठी ठेवा. मी उलट केलं आणि मग शेवटी थंडीत आणि अंधारात टेकडीवर जायची वेळ आली.

आता कसं फिरायचं ते. महिन्याचा पास काढा, त्यात मेट्रो, ट्राम, बस सगळं येते. आपल्या सीताबर्डी स्टेशनसारखं गेट कुठेच नाही, सरळ आत जायचं, पण साध्या कपड्यातला चेकर कधीही येतो आणि दंड शंभर युरोच्या वर आहे, तर पास जवळ ठेवायचाच. मग रोज एक ट्राम धरायची आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहायचं, येताना मध्ये जिथे वाटलं तिथे उतरायचं. एवढाच माझा प्लॅन होता आणि तो शेवटपर्यंत चालला.

सुरुवात डी नंबरच्या ट्रामने करा. ती मुख्य रेल्वे स्टेशनजवळून बेल्व्हेडेर राजवाड्याच्या बाजूने रिंगवर येते. रिंग म्हणजे रिंगश्ट्रासे, जुन्या शहराला तटबंदी होती ती पाडायचा हुकूम सम्राट फ्रान्त्स योझेफने 1857 मध्ये दिला आणि त्या जागेवर हा गोल रस्ता केला, 1865 मध्ये तो उघडला. ऑपेरा, पार्लमेंट, युनिव्हर्सिटी, सगळं त्यावरच, खिडकीतून फुकटात पाहून होते. पण खरं त्याच्या पुढे आहे. पर्यटक रिंगवर उतरून जातात, ट्राम रिकामी होते आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई, शाळेची पोरं तेवढी राहतात, आणि पुढे एका बाजूला लालसर-पिवळी अशी एक बिल्डिंग सुरू होते ती संपतच नाही. तो कार्ल-मार्क्स-होफ. एक किलोमीटरपेक्षा जास्त लांब, 1930 चा, आत 1382 घरं, महानगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली. मोठ्या कमानीतून आत गेली तर मध्ये एवढी मोठी बाग, मुलं खेळत होती, बाया बाकावर बसून गप्पा करत होत्या. तेव्हाच आत सामायिक धोबीघर, बालवाडी, वाचनालय सगळं बांधून दिलं होतं. आजही या शहरातले जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरात राहतात. मी तिथे सहा-सात वेळा तरी गेली असेन. मला राजवाड्यापेक्षा हे जास्त आवडलं, आणि राजवाडा पाहायच्या आधी हे पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं अजून वाटते.

त्याच डी ट्रामच्या शेवटच्या स्टॉपला, नुसडोर्फला, पायी फिरायची एक पाऊलवाट सुरू होते, शहराने आखलेली, पाट्या लावलेल्या, द्राक्षाच्या मळ्यांमधून काहलेनबेर्ग टेकडीवर जाते आणि गोल फिरून परत येते, 11 किलोमीटर. सप्टेंबरात मळ्यात द्राक्षं लागलेली असतात. चार तास लागतात म्हणून ही शनिवारीच करा, पाण्याची बाटली तेवढी घ्या.

पाण्यावरून आठवलं, तिथे बिसलेरी विकत घेऊ नका. नळाचं पाणी आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, एक पाइपलाइन 1873 ची आणि दुसरी 1910 ची, दीडशेपेक्षा जास्त किलोमीटरवरून उताराने येते, पंप न लावता. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला तो नळ सोडताना बरोबर समजते मी काय म्हणून राहिली ते.

रस्ता चुकायची भीती वाटत असेल तर दोन गोष्टी शिकून घ्या. शहरात 23 जिल्हे आहेत, म्हणजे आपल्या झोनसारखे, आणि रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर जिल्ह्याचा नंबर आधी लिहिलेला असतो. पिनकोडमध्ये पण तोच, 1160 म्हणजे सोळावा जिल्हा. दुसरं, मध्यभागातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर घर नंबर मध्यापासून सुरू होतात, म्हणजे नंबर कमी होत चालले तर तुम्ही शहराच्या मध्याकडे चालल्या, वाढत चालले तर बाहेर. झिरो माइलवाल्या शहरातल्या माणसाला हे पटकन जमते. माझा मोबाइल एकदा बंद पडला होता तेव्हा मी नुसत्या घर नंबरवर चालत रिंगपर्यंत आली.

आता नदीबद्दल, आणि हे जरा लांबेल. यू-4 मेट्रोच्या बाजूने वीन नावाची छोटी नदी वाहते, शहराचं जर्मन नाव पण तेच. दगड-काँक्रीटच्या खोल, रुंद भिंतींमध्ये खाली एक बारीकशी धार. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपली नाग नदीच आठवली आणि मनात आलं, एवढ्याशा पाण्यासाठी एवढ्या उंच भिंती कशाला? मग 15 सप्टेंबर 2024 आला. दोन-तीन दिवस सतत पाऊस, आणि त्या रविवारी ती धार भिंतीला भिंत लावून तपकिरी, गरजत धावत होती, यू-4 चा काही भाग बंद करावा लागला. पुलाच्या अलीकडे उभं राहून लोक गप्प पाहत होते. माझे हातपाय गार पडले, कारण जवळपास एक वर्षाआधी, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन आमच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं आणि आईला आम्ही पलंगावरून उचलून वरच्या मजल्यावर नेलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर काकूंना मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये विचारलं, शहरात पाणी शिरेल का? त्यांनी मला डोनाउइन्झेलबद्दल सांगितलं. डॅन्यूब नदीच्या बाजूने 1972 ते 1988 एवढी वर्षं लावून दुसरा पूर-कालवा खोदला आणि त्या मातीचं 21 किलोमीटर लांब बेट केलं, पूर आला की जास्तीचं पाणी त्या कालव्यातून जाते. एरवी त्याच बेटावर लोक सायकल चालवतात, पोहतात, पोळ्या-भाजी घेऊन बसावं तसं बसतात. आजूबाजूच्या गावांचं त्या पावसात फार नुकसान झालं, पण शहराचा बराच भाग वाचला. पाणी उतरल्यावर मी यू-1 ने डोनाउइन्झेल स्टेशनला उतरली आणि दोन तास त्या बेटावर नुसती चालत होती. तुम्ही नागपूरच्या आहात, तुम्ही पण तिथे जाऊन पाहाच.

खाण्याचं. सोळाव्या जिल्ह्यात ब्रुनेनमार्क्ट म्हणून रस्त्यावरचा भाजीबाजार आहे, यू-6 ने योझेफश्टेटर श्ट्रासेला उतरायचं. तुर्की लोकांची दुकानं जास्त, ओरडणं, घासाघीस, पेट्या, एकदम गोकुळपेठ मार्केट. वांगे, भेंडी, हिरव्या मिरच्या आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी मिळते. मी दर शनिवारी जायची, नंतर नंतर तो दुकानदार मला पाहिलं की आपणहून सांबार बाजूला काढायचा. घरून गोडा मसाला, सावजी मसाला आणि पोहे न्या, बाकी काही नेऊ नका. आणि हे लक्षात ठेवा, रविवारी सगळी दुकानं बंद असतात, किराणा पण, फक्त मोठ्या रेल्वे स्टेशनमधली थोडी उघडी राहतात. शनिवारी संध्याकाळच्या आत दूध-ब्रेड घेतलं नाही तर रविवारी पोह्यावर राहावं लागते.

कॉफीहाउसमध्ये एक मेलांज मागवा, म्हणजे दुधाची कॉफी, छोट्या ट्रेमध्ये पाण्याच्या ग्लासासोबत येते, आणि मग तीन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. एकट्या बाईकडे कोणी वळून पाहत पण नाही. मी पूर्ण नोव्हेंबर संध्याकाळी तिथे पुस्तक घेऊन बसली. भीतीचं विचारलं होतं तुम्ही, तर रात्री दहा-साडेदहाला मी एकटी ट्रामने घरी यायची, मला तरी कधी असुरक्षित वाटलं नाही.

ऑपेरा महाग असेल म्हणून सोडू नका. स्टेट ऑपेरात उभं राहून पाहायची स्वस्त तिकिटं असतात, आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सच्या भावात होऊन जाते. तिथली जुनी पद्धत म्हणजे आत गेलं की लोक आपल्या जागेसमोरच्या दांडीला रुमाल किंवा ओढणी बांधायचे, मग ती जागा त्यांची, बाहेर फिरून आले तरी कोणी हात लावत नव्हतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, अगदी तेच. मला शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतातलं काहीच समजत नव्हतं, तरी मी चार वेळा गेली, चौथ्या वेळी कोणता आवाज कुठून येऊन राहिला ते कळायला लागलं होतं. चांगल्या चपला घाला, तीन तास उभं राहायचं असते.

बाहेरगावी जायचं असेल तर एकच सांगते, ब्रातिस्लावा. साठेक किलोमीटर, म्हणजे नागपूर-भंडारा, ट्रेनने तासाभरात दुसऱ्या देशाची राजधानी, शेंगेन व्हिसा तोच चालतो.

आणि शेवटचं, 1 नोव्हेंबर. तिथे त्या दिवशी सुट्टी असते, सगळे लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरीवर दिवे लावायला जातात. 2024 मध्ये त्याच दिवशी आपलं लक्ष्मीपूजन होतं. सकाळपासून घरचे फोटो येऊन राहिले होते, रांगोळी, आकाशकंदील, आईने केलेल्या करंज्या, आणि मी रूमवर एकटी. दुपारी 71 नंबरची ट्राम धरली, ती मोठ्या स्मशानभूमीत जाते, त्सेंट्रालफ्रीडहोफ. 1874 पासूनची, आजपर्यंत तीसएक लाख लोक तिथे पुरलेले आहेत, शहरात जिवंत माणसं वीस लाख. ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, प्रत्येकाच्या हातात फुलं आणि लाल काचेतले दिवे. बीथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स एकमेकांच्या जवळच आहेत. भौतिकशास्त्रज्ञ बोल्टझमनच्या कबरीवर त्याचं एंट्रॉपीचं सूत्र कोरलेलं आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पाठ केलेलं, ते दगडावर पाहून कसंतरीच झालं. अंधार पडायला लागला तसे दिवे दिसायला लागले, ओळीच्या ओळी, जिकडे पाहावं तिकडे. मी गेटवरून एक दिवा विकत घेतला होता. जिथे कोणीच आलेलं नव्हतं, नाव पण पुसून गेलं होतं, अशी एक कबर पाहून तिथे लावला आणि आईला व्हिडिओ कॉल केला. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्यांना नमस्कार कर बाळा.

तुमचं परतीचं तिकीट त्याच्या नंतरचं आहे, तर त्या दिवशी दुपारी तीनच्या आत 71 पकडा, उशीर केला तर गेट बंद होते.