पाण्याखालच्या गावठाणाची नोंद

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या तुमच्या जुन्या गावठाणाचा इतिहास लिहून काढण्याचा तुझा विचार पत्रातून समजला आणि समाधान वाटले. पुस्तकाची घाई तूर्त करू नकोस. आधी माणसे गाठ. धरण १९८० साली पूर्ण झाले, म्हणजे त्या वेळी विशी गाठलेला आणि जुन्या शिवारात स्वतः औत हाकलेला माणूस आज पासष्टीला टेकला आहे. ज्यांनी तेथे संसार थाटले त्या बायका तर त्याहून थकल्या आहेत. सरकारी कागद आणखी काही वर्षांनीही हाती लागतील, माणसांचा मात्र भरवसा नाही.

‘जुन्या गावाविषयी काही सांगा’ असे विचारलेस तर ‘लई चांगलं गाव होतं’ यापलीकडे उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी अंगणात खडूने नदी आणि वेस काढून दे आणि पुढचे त्यांनाच काढू दे: चावडी कोठे, तालीम कोठे, कोणत्या बोळातून पाणवठ्यावर जायचे, कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते. शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, तरी तो टाळू नकोस. पाटलाच्या वाड्यातून काढलेला नकाशा आणि वेशीबाहेरच्या वस्तीतून काढलेला नकाशा एकसारखे निघत नाहीत, आणि ते दोन्ही तुझ्या वहीत जसेच्या तसे राहिले पाहिजेत. दोहोंचा मेळ घालून एकच गोळीबंद कथा रचलीस, तर कोण काय म्हणाले होते हे पुढे कोणालाच शोधता येणार नाही. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिही, त्याचे तेव्हाचे अंदाजे वय लिही, आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले की ऐकीव, तेही लिही.

कागदांच्या बाबतीत तुमचा इंदापूर तालुका नशीबवान आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात मुंबई इलाख्यातील रयतवारी जमीन मोजणीची नवी पद्धत याच तालुक्यापासून सुरू केली. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा मिळव आणि ‘आमराई’, ‘पांढरीचं रान’ अशी लोकांच्या तोंडी असलेली नावे त्यातील सर्व्हे नंबरांशी ताडून पाहा. भूसंपादनाचा निवाडा मिळाला तर तो सावकाश वाच, कारण मोबदला ठरवण्यासाठी केलेल्या घरांच्या, विहिरींच्या आणि झाडांच्या नोंदी हे बुडालेल्या गावाचे एक परीने शेवटचे वर्णनच असते. घरोघरी रुमालात बांधलेले मोडी कागदही निघतील, पण लोक ते चटकन दाखवणार नाहीत. वाटणीचा किंवा दत्तकाचा जुना वाद उकरला जाईल ही त्यांची भीती खोटी नाही. कागद घरी नेऊ नकोस, मालकासमोरच उजेडात फोटो घे, आणि काय जाहीर करायचे हे त्यालाच ठरवू दे. लॅमिनेशन करून घेण्याचा सल्ला मात्र कोणालाही देऊ नकोस, कारण एकदा चिकटलेला कागद सोडवता येत नाही.

उन्हाळ्यात पाणी फारच ओसरले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक होड्या करून फोटो काढायला जातात. तूही जा, पण भर दुपारी नको. ऊन डोक्यावर असताना वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा, सपाट दगडासारखा दिसतो. सकाळी किंवा दिवस कलल्यावर तिरपा उजेड पडला की खालच्या चौकटीतील लढणारा वीर, कधी त्याच्या बाजूच्या गाई, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावरचे चंद्रसूर्य हे सारे उठून दिसते. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. म्हणून ‘हा अमक्याचा’ हे वाक्य गावाचे सांगणे म्हणूनच लिही. गाळ चिकटला असेल तर मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरे, तारेचा ब्रश अजिबात नको. दगड हलवू तर मुळीच नकोस. तो जेथे आहे ती जागासुद्धा पुरावाच आहे. (आणि कृपा करून दिसेल त्या दगडी देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणू नकोस, तेराव्या शतकातल्या हेमाद्री या यादवांच्या मंत्र्यावर आधीच फार भार पडला आहे.)

जमवलेले गावापुढे मांडायला यात्रेसारखी वेळ नाही, कारण मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हा घरी आलेली असतात. शाळेच्या व्हरांड्यात मोठा नकाशा लाव, शेजारी दोऱ्याला पेन्सिल बांध आणि लोकांना चुका दुरुस्त करू दे. भांडतीलही, त्या भांडणातूनच पुष्कळ माहिती निघते. गावाच्या इतिहासाविषयी फोनवर फिरणाऱ्या निनावी मजकुराला उत्तर देत बसण्यापेक्षा हे बरे. सगळ्याच्या प्रती शाळेत एक, तालुक्याच्या वाचनालयात एक आणि गावाबाहेर राहणाऱ्या कोणा भरवशाच्या माणसाकडे एक, अशा ठेव.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी ठरव. नुसता बुडालेल्या गावाचा शोक लिहू नकोस. त्याच पाण्यावर काठच्या शिवारात ऊस उभा राहिला आणि कित्येक घरे वर आली, हेही खरे आहे. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांची नोंद मोबदल्याच्या यादीत सहज सापडत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून मुलाखतींची सुरुवात त्या घरांपासून कर, आणि पहिल्या चार-पाच झाल्या की वही मला पाठव.

तुझा,
गुरुजी