फुकट नकाशे काढणाऱ्या मुलीचं पुढे काय?

प्रश्न : मी पाटण तालुक्यात आशा सेविका आहे. मुलगी एसवाय बीएला आहे, विषय भूगोल. रात्री जेवणं झाली की लॅपटॉपवर कुठल्या तरी परदेशातल्या गावची घरं नकाशावर काढत बसते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ म्हणते. एक पैसा मिळत नाही. तिने एमपीएससीचा अभ्यास करावा असं मला वाटतं. हे बंद करायला सांगू का?
– एक आई

उत्तर : ताई, बंद करायला सांगू नका. पण तुमची काळजी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि आज जगभरातले स्वयंसेवक तो भरतात. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानीचेही धड नकाशे हाताशी नव्हते. हजारो मैलांवर बसलेल्या माणसांनी उपग्रहाची चित्रं बघून रस्ते, पडलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या नकाशावर आणल्या. मदतपथकांनी तोच नकाशा वापरला. २०१५ साली नेपाळ हादरला, तेव्हा काठमांडूतल्या तरुणांनी शाळा-दवाखाने आधीच नोंदवून ठेवलेले होते. तुमची मुलगी रात्री जे करते, ते हेच आधी करून ठेवण्याचं काम.

मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा आपण बघू शकतो, पण त्यामागची माहिती उचलून आपल्या कामाला लावता येत नाही. इथली माहिती कुणीही उतरवून घ्यावी. श्रेय द्यायचं, आणि तीत भर घालून पुढे दिली तर तीही खुली ठेवायची, एवढीच अट. म्हणूनच दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून इथे उतरवायचं नसतं. हे तिला माहीत असेलच, तरी एकदा विचारा.

आज रात्री तिच्याशेजारी दहा मिनिटं बसा. छताच्या चार कोपऱ्यांवर ती टिचक्या मारेल, मग ‘क्यू’ची कळ दाबेल आणि वाकडं घर काटकोनात बसेल. सावली कुठली, छप्पर कुठलं, वाट की ओढ्याचं कोरडं पात्र, हे ठरवताना ती थबकेल. चुकलं तर कुणी जाणकार तपासून काम परत पाठवतो. उपग्रहचित्र वाचायला वर्गात शिकवतात, पण नजर अशीच बसते. शिवाय तिची प्रत्येक नोंद तारखेसकट तिच्या खात्यावर कायम दिसते. मुलाखतीत दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

आता पोटापाण्याचं. नुसती घरं काढून नोकरी मिळत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. त्याला ‘जीआयएस’ची, म्हणजे नकाशा आणि माहिती जोडून विश्लेषण करण्याची जोड हवी. ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. या दोन गोष्टी तिने याच वर्षी सुरू कराव्यात, जमलं तर थोडं पायथॉनही, म्हणजे संगणकाला काम सांगायची एक भाषा. पुढे जिओइन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे याच नकाशा-माहितीच्या विषयात, एमएस्सी पुण्यात होते. कला शाखेतून कुठे प्रवेश मिळतो, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच ठरवा. गावठाणाची ड्रोन मोजणी तुम्ही ऐकली असेल, ती स्वामित्व योजना २०२० ची. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशाकामावरची परवान्यांची बरीच बंधनंही काढली. पाणीपुरवठा, वनखातं, पीकविमा, नगरपालिकांची मालमत्ता मोजणी, सगळीकडे हे काम लागतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बरीच कामं कंत्राटी असतात, तेही लपवत नाही.

एमपीएससी द्यायची तर जरूर द्यावी. भूगोल तिथेही आहेच. फक्त पदवीचे गुण घसरू देऊ नका आणि नकाशासाठी रोज एक तास ठरवून द्या, परीक्षेच्या महिन्यात तोही नाही.

आणखी एक सांगायचंय, आणि माझ्या लेखी ते सगळ्यात मोलाचं आहे. तुम्ही सर्वेक्षणाला निघताना गावाचा नकाशा हातानं काढत असाल : देऊळ, हातपंप, अंगणवाडी, वरचा धनगरवाडा. उपग्रहाला तिथली छपरं दिसतात. वस्तीचं नाव, पाणवठा कोणता आटतो, रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, हे दिसत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. परदेशातल्या गावाइतकीच तुमच्या वाड्यावस्त्यांनाही या नकाशावर जागा आहे, आणि नावं मराठीत लिहायची सोय आहे. मात्र तुमच्या रजिस्टरमधलं काहीही, कोण कुठल्या घरात राहतं, कोण गरोदर आहे, कुणाला औषध चालू आहे, त्यावर चढता कामा नये. वाट, साकव, शाळा, पाणी, एवढंच.

येत्या रविवारी गृहभेटींना तिला बरोबर न्या. ओढ्यावरचा साकव पावसात पाण्याखाली गेला की तुम्ही कुठल्या वाटेनं वर जाता, ती वाट तिला चालून दाखवा. मोबाइलचं जीपीएस तिला चालू ठेवायला सांगा.