निघालात बरोबर, पोचाल वेगवेगळे

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. तुम्हा दोघांचा लांबचा प्रवास संपत आलाय, बारा दिवसांवर घर आलंय, आणि व्हायला हवा तेवढा आनंद होत नाहीये असं तू लिहिलंयस. पुढे एक ओळ आहे, "त्याला हे सांगायचा धीर होत नाही, तो तर दिवस मोजतोय." त्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहायला बसले.

त्याला सांग. घरी पोचायच्या आधी सांग. का, ते आमच्यावरूनच सांगते.

आम्ही चौदा महिन्यांच्या प्रवासानंतर परत आलो ते रात्री. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. शेवटी दार उघडलं आणि बंद घराचा तो कोंदट वास अंगावर आला. अंधारात दिव्याचं बटण लावायला मी हात पुढे केला तो डावीकडच्या भिंतीवर. आमचं बटण उजवीकडे आहे. अकरा वर्षं रोज लावलेलं बटण माझ्या हाताला सापडेना. मी तिथेच दारात खाली बसले आणि मला रडू कोसळलं. तेवढ्यात ह्यांनी आत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्यासुद्धा होत्या. शीळ घालत घालत. ते घरी आले होते गं. मी अजून आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही सॅक रिकाम्या करून धुवायला काढल्या. मी म्हटलं, माझ्या सॅकला हात लावू नका. त्यावरून आमचं भांडण झालं, चौदा महिन्यांत झालं नव्हतं असं. त्यांना वाटलं, हिला इथे माझ्याबरोबर राहायचंच नाहीये. मला वाटलं, ह्यांना त्या सगळ्याचं काहीच वाटत नाही, एका रात्रीत पुसून टाकलं. दोघांचंही साफ चुकीचं होतं. पण ते कळायला सहा महिने गेले. माझी सॅक तोवर झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात तशीच उभी होती. तिच्या बाहेरच्या कप्प्याच्या चेनमध्ये वाळू अडकली होती, चेन ओढली की कर्र वाजायची. मी कधीकधी नुसती ती चेन ओढून बघायचे.

पृथ्वीला पहिली फेरी मारून आलेल्या जहाजाची एक गोष्ट आहे. 1519 मध्ये मॅगेलन या दर्यावर्दीबरोबर पाच जहाजं निघाली. मॅगेलन वाटेतच मारला गेला. 1522 च्या सप्टेंबरात स्पेनला परत पोचलं ते एकटं 'व्हिक्टोरिया', त्यावर अठरा माणसं. त्यांच्यात अंतोनियो पिगाफेट्टा होता, रोजची नोंद ठेवणारा. घर गाठायच्या आधी जुलैमध्ये ते आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर अन्नासाठी थांबले. जहाजाच्या हिशेबाने तो बुधवार होता. किनाऱ्यावरची माणसं म्हणाली, आज गुरुवार. पिगाफेट्टा चक्रावला, कारण त्याने एकही दिवस चुकवला नव्हता. आणि खरंच नव्हता चुकवला. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जात पूर्ण फेरी मारली की एक सूर्योदय कमी पडतो, तेवढंच. त्याचाही हिशेब बरोबर, किनाऱ्यावरच्यांचाही बरोबर.

ही गोष्ट तुला सांगते ती दोन कारणांसाठी. एक म्हणजे तुमचा आणि घरच्यांचा वार जुळणार नाही. दुसरं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, तुमच्या दोघांचाही एकमेकांशी जुळणार नाही. तुम्ही एकाच दिवशी निघालात, एकाच विमानाने उतराल, पण पोचाल वेगवेगळ्या दिवशी. एकाचा बुधवार असेल तेव्हा दुसऱ्याचा गुरुवार. त्यात चूक कोणाचीच नसते. "तू बदललीस" किंवा "तुला माझी कदर नाही" हे शब्द ओठांवर येतील तेव्हा आधी एवढं विचार, की आज ह्याचा वार कुठला?

आणि जो आधी पोचलेला दिसतो तो खरोखर पोचलेला असतोच असं नाही. परदेशात राहायला गेलेल्यांच्या मनाचे चढउतार 1955 मध्ये लीसगार या नॉर्वेच्या अभ्यासकाने मांडले होते. आधी हुरूप, मग खचणं, मग हळूहळू सावरणं. 1963 मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी मांडलं की घरी परतल्यावर हाच खड्डा पुन्हा एकदा येतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. मी पहिल्या दिवशीच खड्ड्यात होते. ह्यांचे पहिले तीन महिने उत्साहात गेले, फळ्या ठोकल्या, भिंती रंगवल्या, सगळ्यांना भेटून आले. मी जेमतेम सावरत होते आणि एका संध्याकाळी हे कामावरून येऊन बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "मला रोज तीच वाट दिसते." तेव्हा कुठे मला कळलं की ह्यांचीही वेळ यायची होती. माझी पाळी होऊन गेली होती म्हणून मी त्यांच्याजवळ नुसती बसू शकले. म्हणून आत्ता तो दिवस मोजतोय आणि तू मोजत नाहीयेस, याने घाबरून जाऊ नकोस. पुढे कधी तो बसेल आणि तू उभी असशील. त्या दिवसासाठी त्याला आज तुझं मन माहीत असायला हवं.

आता लोकांविषयी. यात मी फार दुखावले गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुला वाटत असेल, सगळे विचारतील, आपण सांगत राहू. विचारतील, "कसा झाला प्रवास?" आणि तू दुसऱ्या वाक्यावर असशील तेव्हा समोरच्याची नजर हलेल. ते तुझ्यावर प्रेम करत नाहीत म्हणून नव्हे. कूनी, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार जणांचे गट, तिघांना एक बेताची चित्रफीत दाखवली आणि चौथ्याला एक भारी. मग चौघांना गप्पा मारायला बसवलं. भारी चित्रफीत बघितलेला चौथा माणूसच गप्पांनंतर हिरमुसला. बाकीच्या तिघांना बोलायला सामाईक काहीतरी होतं, त्याच्याकडे फक्त स्वतःपुरतं होतं. शिवाय चौथा असा बाजूला पडेल, असा अंदाज आधी ज्यांना विचारलं त्यांनाही आला नव्हता. ते वाचलं आणि माझा कितीतरी वर्षांचा राग निवळला. आपण चौथे असतो, मुली.

म्हणून आधी तू विचार. तुम्ही नव्हता तेव्हा इथे काय काय झालं ते. कोणाचं मूल जन्मलं, कोण आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली, कोण गेलं. त्यांचंही एक वर्ष सरलंय आणि त्यात तुम्ही नव्हता. काही घरांत तुमची गरज होती तेव्हा तुम्ही दूर होता, हेही त्यात असेल. मला माझ्या मैत्रिणीच्या आईच्या शेवटच्या आजारपणात जाता आलं नाही. परत आल्यावर पहिल्या भेटीत मी तिला समुद्राच्या गोष्टी सांगत बसले. ती हसून ऐकत होती. तो प्रसंग आठवला की अजून मान खाली जाते. तू तसं करू नकोस. ऐकून घेतलंस की कधीतरी त्यांच्यातलाच कोणी दोन महिन्यांनी आपणहून विचारेल, "त्या डोंगरातल्या गावात तुम्ही राहिला होता ना, तिथलं सांग." त्याला मात्र भरभरून सांग.

चारचौघांत एकमेकांची गोष्ट दुरुस्त करू नका. "तेव्हा पाऊस नव्हता, धुकं होतं." ऐकणाऱ्याला काय फरक पडतो! सांगणाऱ्याचा मात्र विरस होतो.

पण दोघांच्यात ती गोष्ट बोलायची थांबू नका. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये एक कल्पना मांडली, की बरोबर राहणारी माणसं आठवणी वाटून घेतात. अमुक तिला आठवेल म्हणून तो ते सोडून देतो, तमुक त्याला आठवेल म्हणून ती. प्रवासात तर हे फारच होतं. आमच्यात माणसांची नावं मला आठवतात, रस्ते त्यांना. एका नदीकाठी एका म्हाताऱ्या नावाड्याने आम्हाला रात्रभर आसरा दिला. त्याचं नाव, त्याच्या नातीचं नाव माझ्याकडे. त्याच्या झोपडीपर्यंत कसं गेलो ते ह्यांच्याकडे. आम्ही रुसून महिनाभर नीट बोललो नाही, त्या महिन्यात तो नावाडी अर्धाच उरला होता. आठवड्यातली एक संध्याकाळ ठेवा. एक जागा, एक दिवस, दोघांनी मिळून आठवायचं. फोटो उघडा, पण आधी आठवा आणि मग उघडा.

आणि त्या फोटोंच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, हे राहूनच जातं.

कामांच्या वाटणीकडे डोळे उघडे ठेवून बघ. प्रवासात पैशांचा हिशेब, तिकिटं, परवाने मी सांभाळले. घरी असताना ते ह्यांच्याकडे असायचं. परत आल्यावर आठ दिवसांत सगळं मुकाट्याने जुन्या खणात जाऊन बसलं. कोणी ठरवलं नाही, कोणी विचारलं नाही. मला नुसतंच वाटत राहिलं की माझं काहीतरी काढून घेतलंय. काय, ते सांगता येईना. तुम्ही तसं होऊ देऊ नका. तिकडे तू काय काय शिकलीस, त्यातलं घरी काय चालू ठेवायचं, हे बसून ठरवा. तसंच चोवीस तास सोबत असायची सवय एकदम तुटते. मी कितीतरी दिवस काही दिसलं की "बघा ना" म्हणत बाजूला वळायचे आणि बाजूला कोणी नसायचं. ती पोकळी त्याच्या वागण्यामुळे नसते, हे ध्यानात ठेव.

शरीराकडेही लक्ष दे. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं मोठं असतं. 1999 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ते मोजलं, सरासरी चोवीस तास अकरा मिनिटं भरलं. त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं, आखडणं अवघड. पूर्वेकडे येताना दिवस आखडतो, म्हणूनच ते विमान जास्त दमवतं. ढोबळमानाने वेळेतल्या एका तासाच्या फरकाला एक दिवस धर. तुम्ही दोघं एकाच वेळी जागे होणार नाही. पहाटे तीनला झोप उडाली तर घर, नोकरी, मूल यातला एकही विषय काढायचा नाही, असं आमचं नंतर ठरलं होतं. तुम्ही आधीच ठरवा.

आणि ताप. हे हलक्यावर घेऊ नकोस. परतल्यावर सातव्या आठवड्यात ह्यांना ताप आला. डॉक्टरांनी साधा ताप म्हणून औषध दिलं. आम्ही कुठून आलोय हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, आम्हाला तो प्रवास कधीच संपला असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली तेव्हा मला सुचलं. रक्त तपासलं तर मलेरिया, व्हायवॅक्स जातीचा. त्याचे जंतू यकृतात आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने झोपून राहतात आणि मग उठतात. रक्तातल्या जंतूंचं औषध वेगळं, यकृतातल्यांचं वेगळं, दोन्ही घ्यावी लागतात. पुढचं वर्षभर तुमच्यापैकी कोणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, कुठल्या देशांत होतो आणि कधी.

बाकी बँक, कर, विमा यांची कागदपत्रं पहिल्या महिन्यात उरकून टाक. कुठल्या देशात किती दिवस राहिलात याची यादी आत्ताच, पारपत्रावरचे शिक्के बघून करून ठेव. तुम्ही करासाठी तिथले रहिवासी ठरता का, हे बघायला बऱ्याच देशांत 183 दिवसांचा आकडा धरतात, आणि नंतर तारखा आठवत नाहीत.

तू विचारलं आहेस, पुन्हा निघावंसं वाटलं तर? वाटेलच. हिस्कॉक नावाचं एक जोडपं होतं, एरिक आणि सुसान. जेमतेम तीस फुटी शिडाच्या होडीतून 1952 ते 1955 दोघं पृथ्वीला फेरी मारून आले, आणि 1959 मध्ये त्याच होडीतून पुन्हा निघाले. मधली चार वर्षं मला त्यांच्या दोन्ही फेऱ्यांइतकीच मोलाची वाटतात. पहिले तीन महिने पुढच्या प्रवासाची तिकिटं बघू नकोस. घराचा राग आला म्हणून निघालात तर तो राग बरोबर येतो. घर पुन्हा आपलं वाटायला लागल्यावर निघालात तर मी स्वतः तुम्हाला पोचवायला येईन.

माझी सॅक मी सातव्या महिन्यात उघडली. एका दुपारी ह्यांनी काही न बोलता जमिनीवर चादर अंथरली आणि शेजारी बसले. एकेक वस्तू काढली, एकेकीचं बोललो. चेनमधली वाळू मी त्यांच्याच जुन्या दातांच्या ब्रशने काढली, एका छोट्या बाटलीत भरली. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. मी उठले आणि दिवा लावला, न बघता, उजवीकडच्या भिंतीवर.

उतरल्यावर लगेच मला फोन करू नकोस. आधी दोघं झोपा. आठवड्याभराने कर, आणि त्याला जवळ बसवून कर, मला त्याच्याशीही बोलायचंय.

तुझी,
मावशी